चामखीळ : एका शब्दाचा व त्यावरील उपचारांचा इतिहास

मानेवर, काखेत, जांघेत किंवा पापणीच्या कडेला बारीक देठाने लोंबणारी मऊ मांसाची गाठ ही काही मोठी व्याधी नव्हे. ती दुखत नाही, वाढली तरी सावकाश वाढते, आणि दागिन्यात किंवा सदऱ्याच्या गळपट्टीत अडकली म्हणजेच काय ती तिची आठवण होते. अशा क्षुल्लक वस्तूवर विद्यापीठीय पत्रिकेची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि तिला आपण जे नाव देतो त्या ‘चामखीळ’ या शब्दाचा मागोवा घेऊ लागले असता भाषेचा इतिहास आणि वैद्यकाचा इतिहास ही दोन शास्त्रे एकमेकांत इतकी गुंतलेली आढळतात की, एकाला सोडून दुसऱ्याचा विचार करताच येत नाही.

प्रस्तुत लेखक या विषयाकडे वळला तो ग्रंथालयातून नव्हे. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या टाचेजवळ काळसर उंचवटा आला होता. घरातील व शेजारपाजारच्या सर्वांनी त्यास चामखीळ म्हटले, आणि चामखिळीवर जे करतात तेच त्यावरही केले. चुना व धुण्याचा सोडा यांचा लेप लावला, खपली पडली, उंचवटा पुन्हा आला, पुन्हा लेप लावला. यात दोन वर्षे गेली. पुढे तुकडा काढून तपासला तेव्हा तो रंगपेशींचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी हळहळणाऱ्यांपैकी कित्येकांनी ‘नाव चुकले’ असे म्हटले. भाषेच्या अभ्यासकास मात्र ते म्हणणे पटले नाही. नाव चुकले नव्हते. मराठी माणूस त्वचेवरील कोणत्याही टिकाऊ उंचवट्यास ज्या शब्दाने संबोधतो तोच शब्द सर्वांनी वापरला होता. शब्दाचा आवाकाच तेवढा मोठा होता. तो तसा का आहे आणि केव्हापासून आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्ती. ती सुदैवाने निर्विवाद आहे. ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या सामासिक शब्दाचा सरळ वंशज होय. ‘चर्म’ याचे प्राकृतात ‘चम्म’ झाले, आणि मराठीत जोडाक्षरातील एक व्यंजन गळून आधीचा स्वर दीर्घ झाला, जसे ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’ किंवा ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. ‘चामडे’, ‘चामट’ आणि ‘चांभार’ हे याच घराण्यातील. उत्तरपदी ‘कील’ म्हणजे खुंटी, मेख. यातील आद्य ‘क’चा ‘ख’ प्राकृतातच झालेला आहे, आणि दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होणे हा तर मराठीचा नेहमीचा प्रघात. ‘फल’चे फळ होते, ‘काल’चे काळ होते, उलट ‘गल्ल’मध्ये ‘ल’ दुहेरी असल्यामुळे त्याचा ‘गाल’ होतो, ‘गाळ’ होत नाही. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे दोन्ही नियम सविस्तर मांडलेले आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे नको. ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच की, हा शब्द पंडितांनी ग्रंथातून उचलून मराठीत आणलेला नाही. तो तसा आणला असता तर ‘चर्मकील’ असाच राहिला असता. तो तोंडातोंडी झिजत आलेला आहे. याचा अर्थ, ज्या काळी संस्कृत वैद्यक लिहिले जात होते त्या काळापासून आजवर ही वस्तू घराघरांत दिसत होती व तिला नाव होते.

याच ‘खीळ’चा दुसरा समास आपल्या परिचयाचा आहे, तो म्हणजे ‘दातखीळ’. तेथे खीळ म्हणजे अडसर. दाराला घालतात तशी. चामखिळीत मात्र खीळ अडवीत नाही, ती चामड्यात ठोकलेली असते व तिचे डोके वर राहते. एकाच शब्दाच्या दोन बाजू दोन समासांनी वाटून घेतल्या आहेत, एकीने कार्य घेतले व दुसरीने आकार घेतला. चामखिळीचे नाव आकारावरून पडलेले आहे ही गोष्ट पुढील विवेचनाचा पाया होय.

आता ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चर्मकीलाचा उल्लेख येतो तो मूळव्याधीच्या अध्यायात. आजच्या वाचकास हे विचित्र वाटेल. पण ‘अर्श’ या संज्ञेखाली शरीरावर कोठेही उगवणारे मांसाचे अंकुर ग्रंथकाराने एकत्र आणले आहेत. नाक, कान, डोळे यांतील अंकुर सांगून झाल्यावर शेवटी तो त्वचेकडे येतो, आणि म्हणतो की व्यान नावाचा वायू कुपित होऊन कफास बरोबर घेतो व त्वचेवर बाहेरच्या बाजूस खुंटीसारखे स्थिर अंकुर निर्माण करतो, ते चर्मकील. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेच निदान आले आहे. पण तेथे ‘स्थिर’ या विशेषणास ‘खर’ हे आणखी एक जोडलेले आहे. खर म्हणजे खरखरीत. माधवनिदानातही हाच पाठ पुढे चालू राहिला.

येथे जरा थांबणे अवश्य आहे. स्थिर, खुंटीसारखा आणि खरखरीत. आज आपण ज्या मऊ, लोंबत्या, देठाच्या गाठीस बहुधा चामखीळ म्हणतो तिला यांतील एकही विशेषण नीट लागू पडत नाही. ती मऊ असते, हलते, आणि तिच्यावरची त्वचा आसपासच्या त्वचेसारखीच गुळगुळीत असते. उलट बोटांवर, गुडघ्यांवर, विशेषतः मुलांच्या हातांवर जे टणक व खडबडीत कोंब येतात, ज्यांस इंग्रजीत ‘वॉर्ट’ म्हणतात, त्यांचे हे वर्णन तंतोतंत वाटते. सुश्रुताने दोषपरत्वे चर्मकीलाचे जे भेद सांगितले त्यांत वातामुळे वेदना, कफामुळे त्वचेच्याच रंगाची गाठ, आणि पित्त व रक्त यांमुळे काळेपणा येतो असे म्हटले आहे. यातील कफज प्रकार आजच्या मऊ चामखिळीच्या सर्वांत जवळचा आहे असे म्हणता येईल. पण केंद्रस्थानी असलेली वस्तू टणक व खरखरीतच होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुश्रुताची शब्दसंपत्ती एवढ्यावर संपत नाही, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य. क्षुद्ररोगांच्या अध्यायात तो आणखी तीन वस्तू वेगळ्या काढतो. ‘मषक’ हा वेदनारहित, स्थिर, उडदासारखा काळा व उंचावलेला. ‘तिलकालक’ हा तिळाएवढा, काळा, त्वचेशी समतल. आणि ‘जतुमणि’ हा जन्मजात. म्हणजे उंचवटा आहे की नाही, रंग कोणता, जन्मापासून आहे की मागाहून आला, असे प्रश्न विचारून ही नावे पाडलेली आहेत. पायाला पडणारे ‘कुरूप’ तेथे ‘कदर’ या नावाने येते, आणि त्याच्या वर्णनातही पुन्हा ‘कील’ हाच शब्द आहे. मराठीने यांतील काय ठेवले? ‘तीळ’ ठेवला, ‘मस’ ठेवला, ‘चामखीळ’ ठेवली. जतुमणि गेला. आणि जे शब्द राहिले त्यांच्यामधील कुंपणे मात्र पडली. आज मस व चामखीळ यांत भेद काय, असे सोलापुरातील दहा माणसांस विचारावे. दहा उत्तरे येतील, आणि त्यांतील दोघे तरी मस म्हणजेच चामखीळ असे सांगतील.

त्वचेवरील खुणा मोजण्यास माणसाने धान्यच हाताशी घेतलेले दिसते. आपल्याकडे उडीद व तीळ. तिकडे रोमन वक्ता सिसेरो याचे कुलनामच हरभऱ्यावरून आलेले असून, त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती असे कारण प्लूटार्कने दिले आहे.

रोमचा उल्लेख आलाच आहे तर तेथील एका ग्रंथकाराकडे अधिक लक्ष देणे उपयुक्त ठरेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस याने लॅटिनमध्ये वैद्यकावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या पाचव्या भागात त्वचेवरील अशा वाढींचे चार प्रकार ग्रीक व लॅटिन नावांनी दिले आहेत. त्यांपैकी पहिला ‘अ‍ॅक्रोकॉर्डन’. ग्रीकमध्ये याचा अर्थ तंतूचे टोक असा होतो, आणि आजच्या वैद्यकात लोंबत्या मऊ चामखिळीचे शास्त्रीय नाव हेच आहे. नावावरून कोणालाही वाटेल की सेल्ससच्या डोळ्यांपुढे तीच वस्तू होती. पण त्याचे वर्णन वाचले म्हणजे आश्चर्य वाटते. त्वचेखाली काहीतरी टणक, कधी किंचित खरखरीत असे जमते. त्याचा रंग त्वचेचाच असतो. ते आत निमुळते व त्वचेपाशी रुंद असते. क्वचितच घेवड्याच्या दाण्याहून मोठे होते. एकटे न येता बहुधा अनेक येतात. आणि मुलांमध्ये विशेष आढळतात. कधी ते एकाएकी नाहीसेही होतात. ज्याने मुलांच्या हातावरील मस पाहिले आहेत त्यास हे वर्णन कशाचे ते सांगावे लागणार नाही. लोंबती चामखीळ मुलांत सहसा येत नाही, आणि आपोआप नाहीशीही सहसा होत नाही.

तेव्हा दोन भिन्न भाषांत, परस्परांशी संबंध नसताना, एकाच प्रकारचा अर्थपालट घडलेला दिसतो. ‘चर्मकील’ व ‘अ‍ॅक्रोकॉर्डन’ हे दोन्ही शब्द आरंभी टणक वाढीसाठी होते व पुढे मऊ वाढीवर सरकले. कारण शोधू गेल्यास दोन्ही नावे आकाराची आहेत हेच हाती लागते. खुंटी म्हटले की बाहेर आलेले डोके मनात येते; ती लाकडी की मेणाची हे नावात नसते. तंतूचे टोक म्हटले की लोंबणे मनात येते, आणि मग लोंबणारी वस्तू ते नाव आपल्याकडे ओढून घेते. वस्तूच्या स्वभावावरून पडलेले नाव असे सहजासहजी हलत नाही. सेल्ससचा चौथा प्रकार ‘क्लॅव्हस’ हा आहे, त्याचा लॅटिन अर्थ खिळा. तेथेही खिळाच, आणि हे नाव पायाच्या कुरुपास चिकटले ते आजतागायत तेथेच आहे, कारण कुरुपाचा खिळा खरोखरच आत रुतलेला व टोचणारा असतो.

मराठीत हा अर्थपालट केव्हा झाला हे सांगणे अवघड आहे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. त्या कोशात चामखिळीचा अर्थ ‘वॉर्ट’ असाच दिलेला आहे. मात्र या साक्षीवर फार भार टाकू नये. इंग्रजी ‘वॉर्ट’ हा शब्द लोकांच्या बोलण्यात तितकाच सैल होता व आहे. कोशकाराने एका सैल शब्दास दुसरा सैल शब्द दिला, एवढेच त्यातून सिद्ध होते. मऊ वाढीसाठी स्वतंत्र मराठी शब्द त्या वेळी असता तर तो कोशात कोठेतरी डोकावला असता, असा तर्क फार तर करता येईल.

सोलापूरच्या बाबतीत या प्रश्नास आणखी एक परिमाण आहे. हे शहर एका भाषेचे नाही. १८७७ साली येथे कापडगिरणी सुरू झाली त्याच्या आधीपासून तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे येऊन वसत होते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांत कन्नड घरोघरी आहे, आणि दखनी उर्दू पेठांतून सर्वत्र ऐकू येते. म्हणून येथील दवाखान्यात एकाच गाठीसाठी चामखीळ, मस, मस्सा, नरूलि आणि पुलिपिरि ही पाचही नावे कानी पडू शकतात. ‘मस्सा’ हा उडदाच्याच कुळातला, ‘मस’चा सख्खा भाऊ. कन्नड ‘नरूलि’चे ‘नरहुलि’ असे पूर्ण रूप आढळते, आणि जुन्या कन्नडमधील आद्य ‘प’चा पुढे ‘ह’ होतो हे लक्षात घेता त्यातील ‘हुलि’ व तेलुगू ‘पुलिपिरि’तील ‘पुलि’ ही एकच होत असे म्हणण्याचा मोह होतो. दोन्ही भाषांत त्या शब्दाचा अर्थ वाघ. या मोहास बळी पडून चामखीळ व वाघ यांचे नाते जुळविणारे हौशी व्युत्पत्तिकार भेटतातही. ध्वनिसाम्य हे व्युत्पत्तीच्या शोधाचे आमंत्रण असते, तिचे प्रमाणपत्र नसते. येथे आमंत्रण स्वीकारून वाघाच्या मागे न लागलेले बरे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, चारही भाषांतील ही नावे तितकीच सैल आहेत. टणक मस आणि मऊ लोंबती गाठ यांत बोलणारे भेद करीत नाहीत. त्यामुळे एका भाषेतील सैलपणा दुसरीने भरून काढावा, असे या बहुभाषिक शहरातही घडलेले नाही. अलीकडे दवाखान्यांतून ‘स्किन टॅग’ हा शब्द पसरत आहे. तो तेवढा नेमका आहे, पण तो डॉक्टरांकडे गेलेल्यांसच ठाऊक.

आता उपचार. या इतिहासाचा हा भाग अधिक समृद्ध आहे, आणि येथेच शब्दाच्या सैलपणाची किंमत मोजावी लागते.

सुश्रुताने मषक, तिलकालक व जतुमणि यांवर सांगितलेला उपाय असा की, शस्त्राने खरवडून काढून ती जागा क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावी. सूत्रस्थानात क्षाराचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि क्षार कोठे लावावा याच्या यादीत चर्मकील आहेच. हा क्षार करण्याची कृती वाचण्यासारखी आहे. ठराविक झाडांचे लाकूड जाळून राख करावयाची, ती पाण्यात कालवून गाळावयाची, आणि त्या द्रवात भाजलेली चुनखडी, शंख, शिंपले यांची पूड घालून आटवावयाचे. रसायनाच्या भाषेत बोलावयाचे तर राखेतील पोटॅशियम कार्बोनेट व चुना यांच्या संयोगाने दाहक पोटॅश तयार होतो. सौम्य क्षार व दाहक क्षार यांतील भेद येथे किती स्पष्टपणे ओळखला गेला होता, हे प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात दाखवून दिले आहे.

आमच्या घरी टाचेला लावला तो लेप काय होता? चुना आणि धुण्याचा सोडा. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही ओले करून मिसळले की दाहक सोडा तयार होतो व खडू तळाशी बसतो. पोटॅशियमच्या जागी सोडियम आले, एवढाच फरक. पानाच्या डब्यातील चुना व मोरीतील सोडा यांचा हा लेप सुश्रुताच्या क्षाराचा वंशज आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण मधल्या कड्या हाती नाहीत. पण त्यामागील रासायनिक क्रिया तीच आहे, यात शंका नाही.

फरक आहे तो अन्यत्र. सुश्रुताने क्षार लावल्यावर किती वेळ थांबावे हे सांगितले आहे, आणि घड्याळ नसलेल्या काळातील ते माप भाषेच्या अभ्यासकास विशेष रुचावे असे आहे : शंभर मात्रा उच्चारण्यास लागेल तेवढा वेळ. म्हणजे फार तर एकदोन मिनिटे. मग काय दिसले पाहिजे हेही सांगितले आहे. जागा पिकल्या जांभळासारखी झाली की दाह पुरेसा झाला. त्यानंतर कांजीसारखे आंबट पदार्थ लावून क्षार शमवावयाचा. अल्कलीस आम्लाने मारणे हाच तो न्याय. कोणत्या रोग्यास क्षार लावू नये, शरीराच्या कोणत्या भागावर लावू नये, यांच्या याद्या वेगळ्या. म्हणजे पदार्थ, मात्रा, काळ, परीक्षा, शमन व निषेध एवढे सर्व मिळून तो उपचार होता. आपल्या मोऱ्यांपर्यंत यांपैकी पदार्थ तेवढा पोचला. शंभर मात्रांऐवजी लेप रात्रभर राहतो, आंबट पदार्थाची आठवण कोणास नसते, आणि पापणीवरील चामखिळीसही तोच लेप लावला जातो. अल्कलीचा कण डोळ्यात गेला तर तो थांबत नाही, आत आत शिरत जातो, आणि दृष्टी जाऊ शकते. हे भय बाळगावे असेच आहे.

बिब्ब्याची गोष्टही फारशी वेगळी नाही. बिब्ब्याचे तेल सुईच्या टोकाने चामखिळीवर ठेवण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. बिब्बा हा आंबा व काजू यांच्या कुळातील. त्याच्या तेलातील दाहक द्रव्ये त्वचा भाजतात, एवढेच नव्हे तर कित्येकांच्या अंगावर दूरवर फोड आणतात. ‘बिब्बा उतणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर व कमरेवर विलक्षण पुरळ उठू लागले, तेव्हा शोध घेता ते धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने घातलेल्या खुणांच्या जागी उठत असल्याचे आढळले. एवढ्याशा खुणेने ही गत, तर मुद्दाम त्वचेवर ठेवलेल्या थेंबाची काय कथा! रुई व शेर यांचा चीक लावणारे लोक याच वाटेने जातात.

या सर्वांत घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याचा उपाय मात्र वेगळा काढला पाहिजे. विणकरांच्या शहरात केसाऐवजी रेशमाचा किंवा सुताचा धागा हाताशी असणे साहजिकच. देठ आवळला की रक्त थांबते, गाठ काळी पडते व काही दिवसांत गळून पडते. तर्क निर्दोष आहे. दोऱ्याने शस्त्राचे काम करून घेण्याची कल्पना शास्त्रातही आहे. नाडीव्रण व भगंदर यांसाठी क्षार माखलेले सूत सुश्रुताने सांगितले, अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने ते करण्याची कृती दिली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदू विश्वविद्यालयात त्याचे पुनरुज्जीवन झाले. केस बांधण्याच्या उपायात एक गोष्ट मात्र अपोआप घडते, जी लेपात घडत नाही. देठ नसेल तर दोरा बसतच नाही. रुंद बुडाचा मस किंवा सपाट तीळ यांना तो बांधता येत नाही. म्हणजे जो भेद शब्दाने सोडून दिला तो दोरा स्वतःच काही अंशी पाळतो. असे असले तरी दोरा स्वच्छ नसतो, गाठ पुरेशी आवळली जात नाही, अर्धवट सडलेल्या जागेत जंतू शिरतात, आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत हे प्रकरण चिघळते. शिवाय देठाची प्रत्येक वस्तू निरुपद्रवीच असते असेही नाही.

सेल्ससने एक सूक्ष्म निरीक्षण नोंदविले आहे, ते येथे आठवते. अ‍ॅक्रोकॉर्डन कापले तर मागे मूळ राहत नाही व ते पुन्हा येत नाही. इतर काहींचे मात्र गोल मूळ खाली राहते व ते पुन्हा उगवतात. आपल्याकडेही चामखिळीचे ‘मूळ’ राहिले की ती परतते, असे म्हणतात. या मुळाचे रहस्य विसाव्या शतकात उलगडले. १९०७ साली इटलीत चुफो याने मस वाटून, त्याचा रस जंतूही पार होणार नाहीत अशा गाळणीतून गाळून त्वचेत टोचला, तेव्हा तेथे मस उगवला. म्हणजे कारण जंतूहूनही सूक्ष्म होते. १९४९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला. आज त्याच्या दोनशेहून अधिक जाती माहीत आहेत. मस परततो तो मुळामुळे नव्हे, तर शेजारच्या त्वचेत उरलेल्या विषाणूमुळे. आणि याच कारणाने तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, खाजविल्याने पसरतो.

मऊ लोंबत्या चामखिळीचा या विषाणूवर अवलंबून असा स्वभाव नाही. तिच्यात संयोजी ऊतीचे तंतू, थोडी चरबी व रक्तवाहिन्या असतात आणि वर नेहमीची त्वचा. त्वचा त्वचेवर घासते तेथे ती येते. वयाबरोबर, लठ्ठपणात, गरोदरपणी वाढते. निम्म्याच्या आसपास प्रौढांना केव्हा ना केव्हा ती होते. ती कर्करोगात बदलणे ही अत्यंत विरळ गोष्ट. मात्र गेल्या अर्धशतकातील पाहणीतून एक गोष्ट पुढे आली आहे : अनेक चामखिळी असणाऱ्यांत मधुमेह किंवा इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याची अवस्था अधिक आढळते, आणि त्यांबरोबर मानेची त्वचा काळी व मखमलीसारखी जाड झाली असेल तर ही शक्यता आणखी वाढते. मानेवरील काळेपणा मळ समजून घासणारे व चामखिळी दैवावर सोडणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत चामखीळ काढण्यापेक्षा रक्तातील साखर तपासणे अधिक निकडीचे.

काढावयाचीच झाल्यास काम अगदी लहान आहे. जागा बधिर करून कात्रीने देठ कापतात, किंवा विजेच्या तप्त टोकाने जाळतात, किंवा गोठवितात. गोठविण्याचा इतिहासही लांबलेला आहे. न्यूयॉर्कच्या कँबेल व्हाइट याने १८९९ साली द्रवरूप हवा वापरली, १९०७ साली प्यूसी याने कार्बन डायॉक्साइडचा बर्फ वापरला, आणि १९५० साली अ‍ॅलिंग्टन याने उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणला, तो आजही वापरात आहे. सुश्रुताने शस्त्र, क्षार व अग्नी ही तीन साधने सांगितली होती. विसाव्या शतकाने त्यांत थंडी तेवढी मिळविली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. पापणीवरील चामखीळ नेत्रवैद्याने काढावी हे सांगणे नलगे.

राहिला तो तिसरा गट, ज्याच्यापासून या लेखास आरंभ झाला. रंगपेशींचा कर्करोग गोऱ्या वर्णाच्या लोकांत उन्हाने तापलेल्या त्वचेवर येतो. आपल्यासारख्या सावळ्या वर्णात तो विशेषेकरून तळपाय, टाच, तळहात व नखांखाली आढळतो. तो प्रथम तिळासारखा किंवा काळ्या मसासारखा दिसू शकतो. एखाद्या डागाची कड वेडीवाकडी असणे, त्याच्या दोन बाजू सारख्या नसणे, रंग एकसारखा नसणे, आकार वाढत जाणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्यावर चुना, सोडा, बिब्बा, दोरा यांपैकी काहीच करावयाचे नसते. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून त्याचे नाव ठरत नाही. जाळलेल्या जागेचा तुकडा घेतला तर तेथे वाचण्यासारखे फारसे उरलेले नसते, हेही त्या प्रकरणी आम्हांस नंतर कळले.

परिभाषेच्या दृष्टीने काय करावे, असा प्रश्न शेवटी उरतो. मऊ लोंबत्या वाढीस ‘चामखीळ’, विषाणुजन्य खडबडीत वाढीस ‘मस’, आणि रंगपेशींच्या सपाट किंवा उंच डागास ‘तीळ’, अशी वाटणी पाठ्यपुस्तकांतून व आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांतून सातत्याने वापरावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शब्द तिन्ही जुने आहेत, कोणासही नवा शिकावा लागणार नाही. ही वाटणी लोकांच्या तोंडी लगेच रुजेल असा भ्रम मात्र नाही. दोन हजार वर्षे जे नाव आकारावर चालले ते परिपत्रकाने स्वभावावर येत नाही. तोवर दवाखान्यात मराठी, कन्नड वा तेलुगू रोगी ‘चामखीळ आहे’ किंवा ‘नरूलि आहे’ म्हणून सांगू लागला तर त्याचा अर्थ ‘त्वचेवर काहीतरी उंच आले आहे’ एवढाच घ्यावा, आणि ते कोठे आहे, मऊ आहे की टणक, देठाचे आहे की बसके, केव्हापासून आहे, रंग पालटला काय, हे सुश्रुताचे जुने प्रश्न पुन्हा विचारावेत. आमच्या घरी ते कोणी विचारले नाहीत.